पाण्याखालचे मालवण

प्रस्तावना

समुद्रकिनाऱ्यावर गेलेला माणूस लाटा पाहतो, वाळूत चालतो, सूर्यास्त पाहतो आणि परततो. समुद्राच्या पोटातील जग त्याच्या दृष्टीस पडत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथे मात्र पोहता न येणाऱ्या माणसालाही प्रशिक्षकाच्या मदतीने हे जग पाहता येते. हे जग कसे आहे, ते कशावर टिकून आहे आणि ते पाहायला जाणाऱ्याने काय जाणून घ्यावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• प्रवाळ म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• वाळवंटी किनारा आणि कोकणचा किनारा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• पर्यटन आणि स्थानिक लोकांचे जीवन यांचा संबंध समजून घेऊ शकाल.

मूळ पाठ

१. समुद्रात किल्ला, किल्ल्यात गोडे पाणी

मालवणला जाणारे बहुतेक प्रवासी कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवली येथे उतरतात. कुडाळपासून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. माडाच्या बागा, लाल मातीचे रस्ते आणि जांभ्या दगडाची घरे मागे टाकत एस. टी. बस गावात शिरते. धक्क्यावर उभे राहिले की समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी दिसते.

कुरटे बेटावरील या किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६४ मध्ये सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सिंधुदुर्गाचाही समावेश आहे. चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. कोकणात भरपूर पाऊस पडतो. ते पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींना मिळते. हा पाऊसच मालवणच्या समुद्राचेही रूप ठरवतो. ते कसे, हे पुढे येईल.

मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग ही गावे आहेत. देवबागच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आहे. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरे आणि माड उभे आहेत. याच परिसरातून पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखवायला नेणाऱ्या नौका सुटतात.

२. पाण्यात श्वास

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याच्या पद्धतीला ‘स्कूबा डायव्हिंग’ म्हणतात. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी त्यासाठी उपयुक्त असे साधन तयार केले. या टाकीत केवळ प्राणवायू असतो, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. पर्यटकांच्या टाकीत साधी हवाच दाबून भरलेली असते. तोंडात धरलेल्या नळीतून ती हवी तेवढी मिळते. नाक मुखवट्यात झाकलेले असल्यामुळे सर्व श्वासोच्छ्वास तोंडानेच करावा लागतो. प्रथम उतरणाऱ्याला याच गोष्टीची सवय करावी लागते.

पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे थोडे खाली जाताच कान दुखू लागतात. अशा वेळी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालावी, म्हणजे कानाच्या आतील आणि बाहेरील दाब सारखा होतो. वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते आणि श्वास रोखलेला असेल, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणांची भाषा वापरतात. येथे एक गंमत आहे. जमिनीवर अंगठा वर केला की ‘छान’ असा अर्थ होतो. पाण्याखाली मात्र त्याच खुणेचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. ‘सर्व ठीक आहे’ असे सांगायचे असेल, तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. आनंदाच्या भरात अंगठा दाखवणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक लगेच वर घेऊन जातो!

३. प्रवाळ : झाड नव्हे, दगड नव्हे

खाली गेल्यावर खडकांवर घुमटासारखे, पानांसारखे किंवा मेंदूच्या वळ्यांसारखे आकार दिसतात. त्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे ये-जा करतात. हे आकार म्हणजे प्रवाळ. नवरत्नांतील पोवळे हेही एका जातीच्या प्रवाळापासूनच मिळते. पण ती जात वेगळी आहे.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, वाढतो झाडासारखा. पण आहे तो प्राणी. असंख्य सूक्ष्म जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि आपल्याभोवती चुन्याचे कवच रचतात. या जीवांच्या शरीरात अतिशय लहान शैवाले राहतात. शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना आसरा देतो. घरमालक आणि भाडेकरू यांच्यासारखेच हे नाते आहे. येथे भाडे अन्नाच्या रूपाने मिळते.

पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा अधिक गरम राहिले, की हे नाते तुटते. शैवाले बाहेर टाकली जातात, त्यांच्यासोबत रंगही जातो आणि प्रवाळ पांढरा पडतो. यालाच ‘प्रवाळाचे विरंजन’ म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेवर थंड झाले, तर तो सावरू शकतो. तसे झाले नाही, तर तो उपासमारीने मरतो.

४. वाळवंटाचा किनारा

प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि भरपूर प्रकाश लागतो. या दोन्ही गोष्टी विपुल मिळण्याचे एक प्रसिद्ध ठिकाण म्हणजे तांबडा समुद्र. त्याच्या उत्तरेस, इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ शर्म अल-शेख हे शहर आहे. एके काळी येथे मच्छीमारांची लहानशी वस्ती होती. १९८२ मध्ये हा प्रदेश इस्रायलकडून पुन्हा इजिप्तकडे आला. त्यानंतर येथे हॉटेले उभी राहिली आणि पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासाठी जगभरातून लोक येऊ लागले.

मागे उघडे, तपकिरी डोंगर आणि वाळवंट. पुढे निळेशार, पारदर्शक पाणी, असे येथील दृश्य असते. जमिनीवर गवताची काडी नाही आणि पाण्यात मात्र रंगांची बाग! हा विरोधाभास नवख्या प्रवाशाला चकित करतो. परंतु त्यामागे सरळ कारण आहे. येथे पाऊस जवळजवळ पडत नाही. तांबड्या समुद्राला बारमाही नदी एकही मिळत नाही. नदी नाही, म्हणून गाळ नाही; गाळ नाही, म्हणून पाणी नितळ राहते आणि सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. जमिनीचे दारिद्र्य हेच येथे समुद्राचे वैभव ठरले आहे. मात्र या वैभवाची किंमतही आहे. पिण्यासाठी गोडे पाणी नसल्याने समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून ते वापरावे लागते.

पर्यटकांची गर्दी होण्याआधीच इजिप्तने एक पाऊल उचलले. शर्म अल-शेखजवळील रास मोहम्मद हा भाग १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. पुढे नौकांचे नांगर प्रवाळावर पडू नयेत, यासाठी त्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी तरंगते बोये कायमचे बसवण्यात आले. नौका नांगर न टाकता बोयाला बांधली जाते. उपाय साधा आहे. परंतु एका नांगराच्या आघाताने जे क्षणात तुटते, ते वाढायला अनेक वर्षे लागतात.

५. पावसाचे देणे आणि घेणे

मालवणची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हाच पाऊस किल्ल्यातील विहिरी गोड ठेवतो, भातशेती पिकवतो आणि माड जगवतो. पण तोच पाऊस नद्यांवाटे लाल माती समुद्रात नेतो. पावसाळ्यात पाणी गढूळ होते, समुद्र खवळतो आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या नौकाही बंद राहतात. पाऊस सरल्यावर गाळ हळूहळू खाली बसतो. हिवाळ्यात पाणी त्यामानाने नितळ असते. म्हणून पाण्याखाली जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला मानतात.

तांबड्या समुद्रासारखी पारदर्शकता येथे मिळत नाही. ती अपेक्षा मनात ठेवून आलेला पर्यटक निराश होतो. परंतु विचार केला, तर मालवणचा प्रवाळ अधिक कौतुकास पात्र आहे. वर्षातील काही महिने गढूळ पाणी आणि अंधूक प्रकाश सोसून तो जगतो. प्रतिकूल परिस्थितीच्या काठावर जगणाऱ्याला थोडासा जास्तीचा धक्काही भारी पडतो. २०१४ ते २०१९ या काळात समुद्राचे तापमान वाढल्याने मालवणच्या प्रवाळाचे वारंवार विरंजन झाल्याचे अभ्यासकांना आढळले. उष्णता वाढण्याची कारणे जगभर पसरलेली आहेत. ती एका गावाच्या हाती नाहीत. मात्र आधीच दुबळ्या झालेल्या प्रवाळावर नांगर, प्लॅस्टिक आणि माणसाचे पाय यांचा भार पडू न देणे, हे गावाच्या आणि पाहुण्यांच्या हाती आहे.

६. समुद्र कोणाचा?

१९८७ मध्ये शासनाने मालवणजवळील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित केला. मच्छीमारांनी त्याला विरोध केला. मासेमारी बंद झाली, तर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. येथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढत आले आहेत. किनाऱ्यालगत अर्धवर्तुळात सोडलेले मोठे जाळे दोन्ही टोकांना धरून अनेक माणसे किनाऱ्याकडे ओढतात आणि मिळालेली मासळी वाटेकरी वाटून घेतात. समुद्र हे त्यांचे शेत आहे.

कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ तोडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याने समुद्र राखला जात नाही. काठावर राहणाऱ्यांना त्यात आपले हित दिसावे लागते. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर अनेक घरांत ‘निवास व न्याहारी’ची सोय झाली. मच्छीमार कुटुंबांतील काही तरुण प्रशिक्षण घेऊन पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षण संस्थाही स्थापन केली. ज्या खडकांत जाळे अडकते म्हणून ते टाळले जात, तेच खडक आता उत्पन्न देऊ लागले.

तरीही पर्यटन हे मासेमारीची जागा सर्वस्वी घेऊ शकत नाही. पावसाळ्यात पर्यटन थांबते, साथीच्या काळात तर ते पूर्ण बंद पडले होते. शिवाय प्रवाळाच्या आसऱ्याला अनेक माशांची पिल्ले वाढतात. प्रवाळ मेला, तर पाहुण्याला पाहण्यासारखे काही उरणार नाही आणि मच्छीमाराच्या जाळ्यातही घट येईल. म्हणून प्रवाळाचे रक्षण हा निसर्गप्रेमींच्या हौसेचा विषय नसून तो किनाऱ्यावरच्या चुलीचा प्रश्न आहे.

७. पाहुण्याने पाळावयाचे नियम

पाण्याखाली जाणाऱ्याने दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असल्यास तो लपवू नये. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सर्दी असताना पाण्यात उतरू नये. प्रशिक्षकाकडे अधिकृत प्रमाणपत्र आहे का, हे निःसंकोचपणे विचारावे. नौकेत जीवरक्षक जाकीट घालूनच बसावे आणि क्षमतेपेक्षा अधिक माणसे असतील, तर त्या नौकेत चढू नये. मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे पर्यटकांची नौका उलटून दोन जणांचा मृत्यू झाला, हे विसरू नये. पाण्याखालून आल्यावर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा.

पाण्याखाली प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये. छायाचित्रासाठी मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकू नयेत. माशांचे ते अन्न नव्हे. शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे घरी आणू नयेत.

‘येवा, कोकण आपलाच आसा’ असे म्हणून मालवणी माणूस पाहुण्याचे स्वागत करतो. जे आपले असते, त्याची काळजीही आपणच घ्यायची असते. पाण्याखालची बाग पाहून परतणाऱ्याने एवढे जाणले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्यालाही ती तशीच दिसेल.

शब्दार्थ

विरंजन – रंग नाहीसा होणे
शैवाल – पाण्यात वाढणारी, मुळे व पाने नसलेली साधी वनस्पती
बोया – नांगरलेली, पाण्यावर तरंगणारी खूण
रापण – किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे
बाव – विहीर

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) प्रवाळ आणि शैवाल एकमेकांना कशी मदत करतात?
(आ) तांबड्या समुद्राचे पाणी नितळ का असते?
(इ) अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध का केला?

२. ‘जमिनीचे दारिद्र्य हेच येथे समुद्राचे वैभव ठरले आहे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. तुमच्या परिसरातील एखादी नदी, तलाव किंवा डोंगर पाहायला बाहेरून लोक येतात का? त्यामुळे तेथील लोकांना होणारा लाभ आणि त्रास यांविषयी दहा ओळी लिहा.