‘टॉक कसा वाटला?’ एवढंच विचारू नका

समजा, पुण्यातल्या एखाद्या पायथन मीटअपमध्ये तुम्ही बोललात. समोर 60 जण होते. दुसऱ्या दिवशी पाठवलेला फॉर्म 12 जणांनी भरला, सरासरी आली पाचपैकी 4.5. खूश होण्याआधी थांबा. उरलेल्या 48 जणांचं मत असंच असेल, हे कशावरून? संशोधनात याला ‘नॉन-रिस्पॉन्स बायस’ म्हणतात. शिवाय 4.5 वरून पुढच्या वेळी काय बदलायचं, तेही कळत नाही.

म्हणून लोक उठायच्या आधीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव नको. प्रश्न दोनच: ‘नेमकं कुठे समजेनासं झालं?’ आणि ‘यातलं काय वापरून बघाल?’ दहा चिठ्ठ्यांत एकाच स्लाइडचा उल्लेख आला, तर दुरुस्तीची जागा सापडली.

उद्या प्रबंधासाठी प्रश्नावली कराल, तेव्हाही आधी हेच तपासा: उत्तर कोणी दिलं नाही?