‘गॅस संपला’ म्हणजे काय?

वैशाखांतील दुपार, आणि तीही आमच्या केंदूरची! शिरूर तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेंत पडलेला. सह्याद्रीवर कोसळणारा मेघ येथें पोंचेपर्यंत बहुतेक रिता झालेला असतो. संत कान्होराज पाठकांचें गांव म्हणून केंदूरचें नांव कित्येक वाचकांस ठाऊक असेल; परंतु येथील उन्हाची ओळख करून घेण्यास चैत्र-वैशाखांतच यावयास पाहिजे. आमच्या वाडवडिलांनीं जाड भिंतींचें माजघर बांधून व दारांस वाळ्याचे पडदे लावून या उन्हाशीं तह केला होता. आम्हीं वर सिमेंटची गच्ची चढविली, दोन खोल्या काढल्या आणि तो तह मोडला. दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्र उलटली तरी निवत नाहीं. तीर्थरूप अण्णांचें वय ऐशीच्या पुढें गेलेलें. त्यांच्यासाठीं म्हणून घरांत वातानुकूलन यंत्र आलें.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. दुसऱ्या वर्षीं चैत्रांतच खोली गार होईना. कारागीर आला, “गॅस संपला आहे” म्हणाला, अर्ध्या तासांत भरून पैसे घेऊन गेला. तिसऱ्या वर्षीं तेंच. “किती झटपट काम!” म्हणून आम्हीं त्याची वाखाणणीही केली. चौथ्या वर्षीं ऐन वैशाखांत भर दुपारीं खोली भट्टीसारखी झाली. अण्णांस ग्लानि आली. बोलण्यांत संगति राहीना. त्यांस उचलून खालीं माजघरांत आणलें, अंगावर ओलें फडकें फिरविलें, पंखा लावला आणि डॉक्टरांस बोलाविलें. संध्याकाळीं ते सावरले. परंतु त्या तीन तासांत घरांतील एकाच्याही तोंडांत पाण्याचा घोट गेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं निराळा, तरुण कारागीर आला. आम्हीं संवयीनें म्हटलें, “गॅस संपला असेल, भरून टाका.” त्यानें शांतपणें उत्तर दिलें, “काका, गॅस संपत नसतो. तो कोठून तरी निघून जातो. आधीं ती जागा पाहूं.”

आमच्या घरांत पदवीधर पांच आहेत. पण हें साधें वाक्य कोणासही सुचलें नव्हतें! दिव्यांतील तेल जळतें तसा हा वायु खर्च होत नाहीं. माठाबाहेर झिरपलेलें पाणी वाफ होतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें, हें आपण जाणतों. या यंत्रांतही तत्त्व तेंच. खोलींतील नळ्यांत द्रव उकळून वायु होतो व खोलीची उष्णता शोषतो. बाहेरचा कॉम्प्रेसर त्यास दाबून तापवितो. बाहेरच्या जाळींत तो उष्णता टाकून पुन्हां द्रव होतो. माठांतील पाणी उडून जातें. येथें तोच वायु बंद नळींत फिरत राहतो. म्हणजे हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं, उष्णतेची हमाली करतें. दीड टनाचें यंत्र म्हणजे २४ तासांत दीड टन बर्फ वितळविण्यास लागेल तितकी उष्णता बाहेर नेणारें यंत्र. बाहेर ४२ अंश उष्मा असतां ही हमाली मुळांतच जड. त्यांत बाहेरची पेटी पश्चिमेच्या उन्हांत, धुळीनें बुजलेली असली, तर हमालाचा श्वासच कोंडतो. आमच्या पेटीची अवस्था नेमकी हीच होती.

त्या तरुणानें प्रथम जाळी धुतली. मग तांब्याच्या नळीच्या एका सांध्यावर बोट ठेवलें. तेथें तेलकट डाग होता व त्यावर धूळ चिकटली होती. साबणाचा फेस लावतांच बारीक बुडबुडे आले. त्यानें उरलासुरला वायु हवेंत न सोडतां टाकींत काढून घेतला, नळीचें तोंड नव्यानें फुलवून नट आवळला, नायट्रोजनचा दाब देऊन सांधा तपासला, पंपानें आंतील हवा व ओल खेंचून काढली आणि तराजूवर वजन करून वायु भरला. तीन तास लागले. “इतका वेळ?” अशी कुरकुर आम्हीं केलीच!

वायु मोजून भरणें व तो न सांडणें यांत केवळ आपला पैसा नाहीं. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायु ओझोनच्या थरास अपायकारक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वयें तो मागें घेतला जात आहे. शिवाय पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,८०० पट. म्हणजे दरसाल गळणारें यंत्र खोली गार करतां करतां आभाळ तापवितें. नव्या यंत्रांतील आर-३२ यांत तो दोष बराच कमी; पण तो कांहींसा ज्वालाग्राही आहे.

गृहस्थांनीं व गृहिणींनीं काय करावें? आंतील गाळणी उन्हाळ्यांत दर पंधरवड्यास धुवावी. बाहेरच्या पेटीवर सावली करावी, पण तिचा वारा अडवूं नये. केंद्र सरकारनें २०२० पासून यंत्राचें मूळ तपमान २४ अंश ठरविलें आहे. तें १८ वर आणल्यानें खोली लवकर गार होत नाहीं, वीज मात्र जाते. यंत्र नुसतें गुणगुणतें, पण चालूं होत नाहीं, असें झाल्यास बहुधा कपॅसिटर बिघडलेला असतो. तेथें स्वतः हात घालूं नये; वीज बंद केल्यावरही त्यांत धक्का देण्याइतका भार राहूं शकतो. आणि कोणी ‘गॅस संपला’ म्हणाल्यास एकच प्रश्न विचारावा: “कोठें गळतो?”

केंदूरच्या शेजारींच पाबळ आहे. तेथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापिला. अमेरिकेंत डॉक्टरेट मिळविलेला हा शास्त्रज्ञ, शाळा सुटलेल्या मुलांस काम करीत करीत विज्ञान शिकवीत खेड्यांत राहिला. हात आणि बुद्धि यांची फारकत करूं नये, हा त्यांचा आग्रह आमच्या उशाशीं होता. आम्ही मात्र हातानें काम करणाऱ्यास अर्ध्या तासाच्या मजुरीनें मोजीत राहिलों. घाई आम्हांस हवी होती, म्हणून घाईची दुरुस्ती आमच्या वांट्यास आली.

त्या दिवशीं अण्णांनीं त्या मुलास आपल्या शेजारीं बसवून चहा दिला व सारी कृति पुन्हां समजावून घेतली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. यंत्रांत वायु भरावा लागला नाहीं. चैत्र लागला कीं अण्णा स्वतः काठी टेंकीत गच्चीवर येतात, आणि त्या सांध्यावर तेलाचा डाग आहे कीं काय, हें नातवाकडून पाहवून घेतात.