दंतचक्रपेटीची पुनर्बांधणी, जुन्या क्रीडा-मोटारगाडीतील

मोटारगाडीतील हस्तचालित दंतचक्रपेटी (गिअर बॉक्स) पूर्णपणे उलगडून, प्रत्येक भागाची झीज मोजून व निकामी भाग बदलून ती पुन्हा ठरलेल्या मापांत आणणे, या क्रियेस पुनर्बांधणी म्हणतात. पेटीची गुणोत्तरे, गतींची संख्या किंवा टिकाऊपणा मूळच्यापेक्षा वाढविणाऱ्या फेरफारांस सुधारणा म्हणतात. ज्यांचे उत्पादन थांबून अनेक दशके लोटली, अशा क्रीडा-मोटारगाड्यांच्या बाबतीत या दोन क्रियांना विशेष महत्त्व आहे. अशा गाडीत बसविलेला प्रत्येक मूळ भाग हा तत्कालीन अभियांत्रिकीचा पुरावाही असतो. त्यामुळे काय बदलावे याबरोबरच काय राखावे याचाही निर्णय कारागिरास करावा लागतो.

या प्रकारच्या कामाचे चांगले उदाहरण म्हणजे एमजीबी ही ब्रिटिश गाडी होय. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या तयार झाल्या व त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक होती. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाची धारणा १,७९८ घ. सेंमी. आहे. पेटीत पुढे जाण्याच्या चार गती असून सुरुवातीच्या पेटीची गुणोत्तरे अनुक्रमे ३·६४, २·२१, १·३७ व १·०० अशी होती.

रचना : एंजिनाकडून येणारी गती क्लचमार्फत आदान दंडास मिळते. त्यावरील दंतचक्र खालच्या उपदंडावरील दंतचक्रसमूहास फिरविते व हा समूह मुख्य दंडावरील निरनिराळ्या आकारांच्या दंतचक्रांस सतत फिरवीत ठेवतो. चालकाने दांडा हलविला की, काट्याच्या साहाय्याने एक सरकते कडे हवे ते दंतचक्र मुख्य दंडाशी जखडते. चौथ्या गतीत आदान व मुख्य दंड सरळ एकमेकांस जोडले जातात आणि उपदंडावर भार येत नाही.

जखडण्यापूर्वी दोन्ही भागांचा वेग समान व्हावा लागतो. हे काम सिंक्रोमेश ही समवेगकारक यंत्रणा करते. कॅडिलॅक गाड्यांत ती १९२८ मध्ये प्रथम आली. एमजीबीच्या यंत्रणेतील पितळी रोधकडे दंतचक्राच्या शंक्वाकार भागावर घासून वेग सारखा करते व तोपर्यंत सरकत्या कड्यास पुढे जाऊ देत नाही. एमजीबीच्या आरंभीच्या पेटीत पहिल्या गतीस ही यंत्रणा नव्हती व त्या गतीचे दात सरळ होते. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी पहिली गती टाकण्याच्या सवयीमुळे या दातांच्या कडा तुटत. १९६७ च्या अखेरीस आलेल्या नव्या पेटीत चारही गतींना समवेगकारक यंत्रणा देण्यात आली.

दोषनिदान : पेटी उघडण्यापूर्वी आवाजावरून बराच बोध होतो. पहिल्या तीन गतींत घरघर ऐकू येते व चौथ्या गतीत ती थांबते, असे झाल्यास उपदंडाचे धारवे म्हणजेच बेअरिंगे झिजल्याचा संभव असतो. गती बदलताना खरखर होणे हे रोधकडे झिजल्याचे लक्षण होय. गती आपोआप सुटत असल्यास जखडणारे दात गोलावणे, काटा झिजणे किंवा दंडास लांबीच्या दिशेने अधिक ढिलाई असणे, यांपैकी एखादे कारण असते. एमजीबीत एंजिन व पेटी सामान्यतः एकत्रच बाहेर काढावी लागतात. हे श्रम मोठे असल्याने त्याच वेळी क्लचची तबकडी, दाबपट्टिका व ग्रॅफाइटचा मुक्तक धारवा बदलणे हिताचे असते.

पुनर्बांधणी : सर्वांत जास्त झीज उपदंडाची होते. त्याच्या कठीण केलेल्या पृष्ठावर सुईसारखे बारीक रूळ फिरतात. पृष्ठाचा कठीण थर एकदा खवले होऊन सुटू लागला की, ते पोलादी कण वंगणाबरोबर पेटीभर फिरतात व इतर चांगले धारवेही खराब करतात. उपदंड हा तुलनेने स्वस्त भाग आहे, परंतु त्याकडे दुर्लक्ष झाल्यास महाग दंतचक्रसमूहाचे आतील छिद्रही बिघडते. म्हणून घरघर सुरू झाल्यावर गाडी चालवीत राहणे, हेच बहुतेक पेट्यांच्या नाशाचे खरे कारण ठरते.

धुऊन स्वच्छ केलेल्या भागांचे परीक्षण प्रथम डोळ्यांनी व मग मापकांनी करतात. रोधकडे शंकूवर दाबून ते व जखडदात यांतील फट पातळ पट्ट्यांच्या मापकाने मोजतात. कडे झिजले की ते शंकूवर अधिक सरकते व फट कमी होते. कड्याच्या आतील सूक्ष्म खाचा तेलाचा पापुद्रा तोडतात. त्या बुजल्या असल्यास फट पुरेशी असूनही कडे बदलावे लागते. उपदंडावरील दंतचक्रसमूहाची लांबीच्या दिशेतील ढिलाई ०·०५ ते ०·०८ मिमी. असावी लागते व ती योग्य जाडीच्या रेटा-चकत्या निवडून साधतात. दंतचक्रे मात्र एकमेकांबरोबर फिरून जुळलेली असतात. एका जोडीतील एकच चक्र नवे घातल्यास आवाज वाढतो, म्हणून दात सुस्थितीत असलेली जुनी जोडी ठेवणेच श्रेयस्कर असते.

वंगणाची निवडही महत्त्वाची आहे. एमजीबीच्या पेटीत एंजिनाचेच तेल वापरण्याची शिफारस होती. अतिशय दाब सहन करणाऱ्या काही दंतचक्र-तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळेस बाधक ठरतात, तर फार निसरड्या तेलामुळे रोधकड्यास आवश्यक तेवढे घर्षण मिळत नाही.

सुधारणा : या गाडीत चौथ्या गतीने ताशी १०० किमी. वेग ठेवल्यास एंजिन मिनिटास सु. ३,४५० फेरे करते. लांबच्या प्रवासात हा आवाज व इंधनाचा खर्च जाचक वाटतो. यावरील तत्कालीन उपाय म्हणजे पेटीमागे बसविण्याची लेकॉक ओव्हरड्राइव्ह यंत्रणा होय. तीत ग्रहीय दंतचक्रमाला, शंक्वाकार क्लच व तेलाच्या दाबाने चालणारे दट्टे असतात. विजेच्या परिनालिकेने झडप उघडताच निर्गम दंडाचा वेग वाढतो. हिच्या १९६७ नंतरच्या प्रकारात गुणोत्तर ०·८२ असल्याने वरील फेरे सु. २,८५० वर येतात. ही यंत्रणा मूळ उत्पादकानेच पर्यायी भाग म्हणून दिलेली असल्याने ती बसविल्याने गाडीच्या ऐतिहासिक स्वरूपास बाध येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे फोर्ड कंपनीची टाइप ९ ही पाच गतींची पेटी बसविणे. फोर्ड सिएरा गाडीतून ती प्रसिद्धीस आली. तिच्या पाचव्या गतीचे गुणोत्तरही ०·८२ च्या आसपास आहे. मात्र तीसाठी क्लचचे घंटाकृती आवरण, पेटीचे आधार, वेगमापकाची तार व मागील आसाकडे जाणारा दंड यांत फेरफार करावे लागतात. तिच्या पहिल्या गतीचे गुणोत्तर सु. ३·६५ असल्याने ती गती फार लवकर संपते व म्हणून काही वेळा आतील दंतचक्रेही बदलतात. आरंभीच्या एमजीबीत १९६७ नंतरची मोठ्या आकाराची पेटी बसवावयाची तर गाडीच्या तळातील बोगद्याचा पत्रा कापावा लागतो. असा कापलेला पत्रा पूर्ववत करणे कठीण असते.

ऐतिहासिक वाहनांच्या जतनासंबंधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत, वापरातील वाहनात आवश्यक ते बदल मूळ रचनेस व रूपास न डिवचता आणि शक्यतो पुन्हा काढून टाकता येतील अशा प्रकारे करावेत, असे तत्त्व मांडलेले आहे. त्यानुसार नवी पेटी बसविली तरी मूळ पेटी स्वच्छ करून, तेल लावून जपून ठेवणे व काढलेल्या भागांची आणि घेतलेल्या मापांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. पुढील मालकास गाडी पूर्वस्थितीत आणावयाची झाल्यास याच नोंदी व हेच भाग उपयोगी पडतात.