स्लाइडच्या दोन पेट्या

न्यूटन (मॅसॅच्युसेट्स), ऑक्टोबर

स्लाइडच्या दोन पेट्या टेबलावर ठेवत मावशी म्हणाल्या, "ही आपल्या माणसांना दाखवायची आणि ही तिकडच्यांना." आपली माणसं म्हणजे कुठली, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला.

मावशी अमेरिकन आहेत, वय ऐंशीच्या पुढे. आमच्या न्यूटनमधल्या ऑबर्नडेल भागात एकट्या राहतात. आईवडील मिशनरी म्हणून नगर जिल्ह्यात होते. मावशींचा जन्म तिकडचा, शाळा कोडाईकनालची, कॉलेज इथलं. मराठी त्या शिकल्या आयाबाईकडून आणि कंपाउंडमधल्या पोरांकडून. दार उघडताना "ये गं, लई गार वारं सुटलंय" म्हणतात. मीही नगरचीच. आता अहिल्यानगर झालेल्या गावातला हा हेल इथं इतक्या लांब ऐकू आला, की दिवसभराचा शीण उतरतो.

अमेरिका समजून घ्यायची तर न्यूयॉर्क-कॅलिफोर्निया बाजूला ठेवून इथल्या गावांतली पांढऱ्या लाकडी मनोऱ्याची चर्च पाहावीत, असं माझं मत होत चाललं आहे. आपल्याकडच्या पुष्कळांना अमेरिकन मिशन म्हणजे सरकारच्या पाठिंब्यानं चालणारा मोठा कारभार वाटतो. प्रत्यक्षात इथं चर्चचा कारभार सरकारी खजिन्यावर चालत नाही. या भागातली जुनी काँग्रिगेशनल चर्च तर आपापल्या पायांवर उभी: पाळक निवडतात सभासद, त्याचा पगार देतात सभासद, छप्पर गळलं तर वर्गणी काढतात सभासद. परदेशी मिशनचा पैसाही असाच, शेतकऱ्यांच्या, शिक्षिकांच्या, विधवांच्या पाकिटांतून जमलेला. बोस्टनमधून ही सारी व्यवस्था चालवणारं अमेरिकन बोर्ड १८१० साली स्थापन झालं.

पहिल्या पाच मिशनरींना दीक्षा मिळाली ती जवळच्या सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये, ६ फेब्रुवारी १८१२ रोजी. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे नॉटच्या पत्नी रोक्सानासह वर्षभरानं, फेब्रुवारी १८१३ मध्ये, मुंबईला पोचले. तब्येतीमुळं नॉट दांपत्य १८१५ मध्येच परतलं. हॉल राहिला आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनं गेला. त्या काळच्या बोर्डाच्या याद्यांत बायकांची नोंद 'असिस्टंट मिशनरी' अशी असे. घर, शाळा, आजारी माणसं, स्वतःची बाळंतपणं, मुलांना पुरणं हे सगळं करून सहाय्यकच. मला ते वाचताना राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

काही वर्षं काम झालं की साधारण वर्षभर मायदेशी यायचं, याला म्हणत फर्लो. शब्दकोशात त्याचा अर्थ रजा. पण ज्यांनी ती भोगली त्यांना विचारावं. त्या वर्षात नवरा-बायकोनं गावोगावची चर्च फिरायची, दर रविवारी वेगळ्या व्यासपीठावरून हिंदुस्थानाविषयी बोलायचं आणि पुढच्या कामाला वर्गणी मिळवायची. ऐकणाऱ्यांना काय ऐकायचं असे, हे बोस्टनच्या स्त्रियांच्या मिशन मंडळानं काढलेल्या मासिकाच्या नावावरूनच कळतं: 'लाइफ अँड लाइट फॉर हीदन विमेन', म्हणजे अंधारातल्या, मूर्तिपूजक बायकांसाठी जीवन आणि प्रकाश. पुढे त्यातला 'हीदन' शब्द गळला. पण ज्यांच्या पैशावर शाळा चालायची, त्यांच्यासमोर त्या शाळेतल्या मुली गरीब, बिचाऱ्याच दाखवाव्या लागत.

अशा वेळी मला रॉबर्ट ॲलन ह्यूम आठवतात. नगरकरांना ह्यूम मेमोरियल चर्चमुळं नाव ठाऊक असतं. त्यांचा जन्म १८४७ सालचा, मुंबईचा, वडीलही मिशनरी. १८५४ मध्ये आजारी वडिलांना घेऊन कुटुंब अमेरिकेला निघालं आणि वडील वाटेत समुद्रावरच गेले. आईनं मुलं अमेरिकेत वाढवली. रॉबर्ट येलमध्ये शिकले आणि १८७४ मध्ये नगरला आले. पहिली पत्नी ॲबी बर्जेस बोर्डाच्या मराठी मिशनच्याच घरातली. ती १८८१ मध्ये वारली. दुसरी पत्नी केटी, नेवाशाजवळच्या वडाळा बहिरोबाच्या फेअरबँक कुटुंबातली. म्हणजे नवरा-बायको दोघांचंही बाळपण मराठी मुलखाशी बांधलेलं, आणि कागदोपत्री 'होम' मात्र अमेरिका.

हे ह्यूम १८८६ मध्ये फर्लोवर असताना अँडोव्हरच्या धर्मविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभे राहिले. ख्रिस्ताचं नावही न ऐकता जी माणसं मरण पावली त्यांना मरणानंतर संधी मिळू शकेल, हा विचार त्यांनी उघडपणे बाजूला सारला नाही, उलट त्याला जागा दिली. आज आपल्याला यात फारसं काही वाटणार नाही. तेव्हा बोर्डात वादळ उठलं. असा माणूस पुन्हा हिंदुस्थानात पाठवावा का, यावर खल झाला आणि त्यांची परतण्याची परवानगी लांबली. अखेर १८८७ मध्ये ती मिळाली. नगरात बसून माणसांचे आजे-पणजे कायमचे नरकात आहेत, असं त्यांच्या तोंडावर सांगणं काय असतं, हे ज्यांनी कधी अनुभवलं नव्हतं ते बोर्डात न्यायाधीश होते. ह्यूम ज्यांच्यात राहत होते, त्यांच्या बाजूनं ज्यांच्याकडून पैसे येत होते त्यांच्याशी बोलले. दोन देशांत राहणाऱ्या माणसाचं सगळ्यांत अवघड काम हेच, आणि ते त्यांनी केलं, म्हणून मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पुढे दुष्काळात अमेरिकेतून आलेली मदत वाटण्याच्या कामाबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. कवी नारायण वामन टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. १९२६ मध्ये ते निवृत्त होऊन इकडे आले आणि १९२९ मध्ये ब्रुकलाइनला वारले. आमच्याकडून बोस्टनला जाणारी ग्रीन लाइन ब्रुकलाइनमधूनच जाते. ब्रुकलाइन आलं की मी पुस्तकातून डोकं वर काढते.

आईबाप असे ये-जा करत, मुलांचं काय व्हायचं? १८६६ साली तुर्कस्तानातल्या दियारबकीरला नवरा पटकीनं गेल्यावर एलायझा वॉकर ही मिशनरी बाई मुलांना घेऊन ऑबर्नडेलला परतली आणि इतर मिशनरींची मुलंही आपल्या घरात ठेवून घेऊ लागली. त्यातून वॉकर होम उभं राहिलं. आठ-दहा वर्षांची पोरं इथं सोडून आईबाप बोटीत बसत, ते पुन्हा दिसत ती पोरं मिसरूड फुटायच्या वयाची झाल्यावर. १९०१ मध्ये कोडाईकनालची शाळा निघाली ती हे तुटणं टळावं म्हणूनही. तरी नगरहून कोडाई म्हणजे दोन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास. मावशी सांगतात, दौंडला गाडी बदलली की आई बोलायची थांबायची. अशा मुलांना इथं 'थर्ड कल्चर किड' म्हणतात. हा शब्द समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम यांनी १९५०च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना घडवला. मावशींना तो आवडत नाही. "तिसरं कशाला? दोन आहेत की," म्हणतात.

तर त्या दोन पेट्या. एकीत नगरला दाखवायची अमेरिका: गुडघाभर बर्फ, सफरचंदांचे ढीग, एकटा माणूस चालवतो तो कापणीचा ट्रॅक्टर. दुसरीत इथल्या चर्चांना दाखवायचं नगर: आटलेली विहीर, फुगलेल्या पोटाचं मूल, महारोग्याचा हात. पुठ्ठ्याच्या चौकटींवर आईच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं आकडे घातलेले. मी एकेक उजेडासमोर धरत होते. तेरा नंतर एकदम अठरा आलं.

"चौदा ते सतरा?"

मावशी उठल्या, कपाटातून एक लिफाफा काढून आल्या. चारही स्लाइड आत होत्या. पांढऱ्या लुगड्यातल्या शिक्षिका ओट्यावर वह्या तपासत बसलेल्या. दवाखान्यात औषधाची बाटली उजेडाला धरून बघणारी मराठी परिचारिका. रुंद काठाच्या साडीतली मुलगी सायकलवर, मागं दुसरी डबलसीट. आणि मिशनच्या मास्तरांच्या घरातली पंगत. कोपऱ्यात मावशींचे वडील मांडी घालून, हात भाकरी कुस्करताना थांबलेला, चेहरा हसून फुललेला.

पहिल्या फर्लोत आईनं या दाखवल्या होत्या, मावशी म्हणाल्या. सभेनंतर एक वयस्क बाई आईजवळ येऊन अगदी प्रेमानं म्हणाल्या, तिकडं सगळं इतकं छान चाललंय, मग आमची काय गरज? त्या रात्री आईनं चारही स्लाइड काढून ठेवल्या. टाकून दिल्या नाहीत आणि पुन्हा कधी लावल्याही नाहीत. आईनं अपराध केला असं मला वाटत नाही. तिला शाळा चालवायची होती. पण त्या लिफाफ्यातलं नगर इथल्या कुणी पाहिलं नाही, आणि एवढ्या वर्षांनंतर मला शेजारी जे प्रश्न विचारतात, ते तेरा आणि अठराच्या मधल्या त्या रिकाम्या जागेतून येतात.

डिसेंबरात मी नगरला जाणार आहे. "तिकडं आमच्याबद्दल काय सांगतेस?" मावशींनी विचारलं. बर्फाचे फोटो पाठवते, मी म्हटलं, मॉलचे, पानगळीचे. अजून काय, त्यांनी विचारलं, आणि मी गप्प झाले. चौथ्या मजल्यावर एकट्या मरण पावलेल्या माझ्या शेजाऱ्याबद्दल मी आईला कधी लिहिलेलं नाही. मावशींच्या चर्चमधली माणसं थंडीत आळीपाळीनं त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून जातात, हेही लिहिलेलं नाही.

आम्ही चौदा ते सतरा पुन्हा पेटीत, त्यांच्या जागी लावल्या. मग मावशींनी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. त्यांच्या हाताला आता कंप आहे, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी बॉलपेननं देवनागरीत लिहीत गेले: वडाळा, शेवगाव, राहुरी. सायकलवरच्या मुलीपाशी त्या अडल्या. पुढं बसलेलीचं नाव आठवत होतं, मागचीचं नाही. ती पट्टी कोरी ठेवली आहे. नगरला जाताना त्या स्लाइडची प्रत मी बरोबर नेणार आहे. तिथल्या जुन्या माणसांत कुणीतरी तिला ओळखेल.