शिंपी पक्षी

शिंपी : पॅसेरिफॉर्मीस गणाच्या सिस्टिकोलिडी कुलातील एक लहान व अतिशय चपळ पक्षी. याचे शास्त्रीय नाव ऑर्थोटोमस सुटोरियस असे आहे. थॉमस पेनंट यांनी १७६९ मध्ये श्रीलंकेतील नमुन्यावरून याचे प्रथम वर्णन केले. पूर्वी याचा समावेश सिल्व्हिइडी कुलात करीत असत. रेणवीय पुराव्यांवरून आता तो वटवट्यांच्या कुलात केला जातो. पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगला देश व श्रीलंका येथपासून म्यानमार, दक्षिण चीन आणि जावापर्यंत तो आढळतो. हिमालयात सु. १,५०० मी. उंचीपर्यंत त्याचा आढळ आहे.

युरोप-अमेरिकेतील वाचकास ‘रेन’ नावाने परिचित असलेल्या पक्ष्याची आठवण शिंपी पाहताना हटकून होते. तोच लहान आकार, तीच वर उचललेली शेपटी, झुडपाच्या तळाशी दडून राहण्याची तीच सवय आणि देहाच्या मानाने तोच मोठा आवाज. मात्र दोहोंचा निकटचा संबंध नाही. रेन पक्ष्यांचे ट्रॉग्लोडायटिडी हे कुल मूळ अमेरिकेतील असून त्याची एकच जाती जुन्या जगात पसरलेली आहे. भारतात ती हिमालयापुरती मर्यादित आहे. दक्षिण भारतात रेन नाही. उष्ण प्रदेशातील रानांत व बागांत त्याची जागा शिंपी व वटवटे यांनी घेतली आहे. ब्रिटिश पक्षिविदांनी वटवट्यांना ‘रेन-वॉर्ब्लर’ म्हटले ते या बाह्य साम्यामुळेच.

शिंप्याची लांबी शेपटीसह सु. १३ सेंमी. आणि वजन ६ ते १० ग्रॅ. असते. डोक्याचा वरचा भाग तांबूस, पाठ पिवळसर हिरवी व पोट मळकट पांढरे असते. चोच लांब, अणकुचीदार व किंचित वाकलेली असून पंख आखूड व गोलसर असतात. त्यामुळे त्याचे उड्डाण दुबळे असते. नर व मादी सारखीच दिसतात. विणीच्या हंगामात मात्र नराच्या शेपटीतील मधली दोन पिसे बरीच लांब वाढतात. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंची काळी त्वचा उघडी पडते व तेथे काळे डाग असल्याचा भास होतो. ‘टुविट्-टुविट्-टुविट्’ असा खणखणीत आवाज तो कितीतरी वेळ काढीत राहतो. नवखा माणूस एवढ्या आवाजाचा धनी म्हणून एखादा मोठा पक्षी शोधू लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे व आसपासचा किनारा हे शिंप्याच्या अधिवासाचे चांगले उदाहरण आहे. समुद्रालगत नारळी-पोफळीच्या वाड्या, उतारांवर आंबा व काजूच्या बागा आणि माथ्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा अशी येथील रचना आहे. निव्वळ सड्यावर हा पक्षी रमत नाही आणि उंच झाडांच्या शेंड्यांवरही फारसा राहत नाही. परसातील झुडपे, गडग्यालगतची झाडी, करवंदीच्या जाळ्या आणि बागेच्या कडेने माजलेले रान हे त्याचे खरे घर होय. माणसाचे त्याला भय नाही. पडवीपुढील कुंडीतील रोपावरही तो घरटे बांधतो.

भुंगेरे, ढेकूणवर्गीय कीटक, अळ्या व कीटकांची अंडी हे त्याचे मुख्य अन्न होय. फुलांतील मधही तो घेतो. त्या वेळी डोक्यास पराग चिकटून ते सोनेरी दिसते. आंब्याच्या मोहरावर जमणाऱ्या कीटकांची त्याला विशेष ओढ असते. म्हणून तो मोहरावरील किडीचा बंदोबस्त करतो असे समजणे ही अतिशयोक्ती होईल. तथापि मोहरावर कीटकनाशक फवारले की त्याचे भक्ष्यही नाहीसे होते, हे बागायतदाराने ध्यानात घेण्याजोगे आहे.

या पक्ष्याची ख्याती आहे ती घरट्यामुळे. पान मोठे असल्यास एकाच पानाच्या कडा जवळ आणून, अन्यथा दोन-तीन पाने एकत्र जोडून तो द्रोणासारखी पिशवी तयार करतो. पान झाडावरच असते व जिवंत असते. हे काम मुख्यतः मादी करते. प्रथम कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळून ती पानाच्या कडा जवळ ओढते. मग चोचीच्या टोकाने कडेलगत बारीक भोक पाडते आणि त्यातून कापसाचा, वनस्पतीच्या तंतूचा अथवा रेशमी धागा ओवून पलीकडच्या कडेत नेते. एका घरट्यात असे दीडशे ते दोनशे टाके असू शकतात.

पक्षी धाग्याला गाठ मारतो, ही समजूत मात्र खरी नाही. भोकाबाहेर आलेले तंतूचे टोक पिंजून फुगते व त्यामुळे तो मागे सरकत नाही. टाके सलगही नसतात. प्रत्येक टाका स्वतंत्र असून त्याचे कार्य शिवणीपेक्षा रिव्हेटसारखे असते. शिंप्याची सुई भोक पाडता पाडताच दोरा नेते. मोची आधी आरीने भोक पाडतो व मग त्यातून दोरा ओवतो. पक्ष्याची रीत या दुसऱ्या प्रकारची आहे. शास्त्रीय नावातील ‘सुटोरियस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘मोच्याचा’ असाच आहे. रूढ नावापेक्षा तो वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, असे म्हणावे लागते.

भोके इतकी सूक्ष्म असतात की, त्यांमुळे पान करपत नाही. पानाची वरची बाजू घरट्याच्या बाहेर राहत असल्याने ते इतर पानांत मिसळून जाते. आत कापूस, केस व मऊ तंतू यांचे अस्तर असते. वरच्या पानांचे छप्पर लाभते आणि ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात त्याचे महत्त्व उघड आहे. कारण भारतात बहुतेक घरटी जून ते ऑगस्टमध्येच आढळतात. मार्चपासून डिसेंबरपर्यंतही वीण झाल्याच्या नोंदी आहेत.

मादी बहुधा तीन अंडी घालते. ती निळसर किंवा तांबूस पांढरी असून त्यांवर तपकिरी ठिपके असतात. सु. १२ दिवसांत ती उबतात आणि पुढे सु. १४ दिवसांनी पिले घरटे सोडतात. नर व मादी दोघेही पिलांना भरवितात. उंदीर, मांजर, सरडे व भारद्वाज यांच्यामुळे अंडी व पिले मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. पावसाळ्यात करड्या पोटाचा लहान कोकीळ (कॅकोमँटिस पॅसेरायनस) शिंप्याच्या घरट्यात अंडे घालतो आणि आपल्याहून कितीतरी मोठे पिलू शिंप्याची जोडी पोसत राहते. विणीच्या काळात नर-मादी रात्री बारीक फांदीवर एकमेकांना चिकटून झोपतात. उडू लागलेले पिलू कधीकधी दोघांच्या मध्ये बसते.

राखी वटवट्याही (प्रिनिया सोशिअ‍ॅलिस) काही वेळा पाने शिवून घरटे करतो, त्यामुळे केवळ शिवणीवरून घरट्याचा मालक ठरवू नये. वटवट्याची अंडी चकचकीत विटकरी रंगाची असतात. त्यावरून निर्णय होतो. अर्थात त्यासाठी घरट्यातील पाने उलगडणे अयोग्य होय.

शिंप्याची जाती आज धोक्यात नाही. परंतु गडगा व झाडी काढून सिमेंटची भिंत घातली, अगर बेणणी करताना बागेच्या कडेचे रान मुळापासून काढले, की त्या जागेतून तो निघून जातो. पाने जोडलेली डहाळी कोयत्याखाली आली तर घरटे दुसरीकडे बांधून ठेवण्याचाही उपयोग होत नाही. तोडलेली पाने वाळून आक्रसतात आणि टाके निसटतात. बेणणी पावसाळ्यानंतर केली व कडेची दोन-तीन हात झाडी राखली, तर बहुतेक घरटी वाचतात.