रुग्णालयांवरील कायदेशीर बंधने आणि गरीब रुग्णाचा हक्क

घरात आजारपण आले की गरीब माणसाची पहिली धाव सरकारी दवाखान्याकडे असते. तेथे जागा नसेल तर तो दागिना मोडतो, सावकाराचे दार ठोठावतो आणि खाजगी रुग्णालयात अनामत रक्कम भरतो. त्याच शहरात एखादे मोठे धर्मादाय रुग्णालय असते आणि तेथील काही खाटा कायद्यानेच त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना ही माहिती व्हावी, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम तातडीच्या उपचारांविषयी थोडेसे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, तेव्हा पोलीस प्रकरण घेण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे सांगून सुमारे 20 किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठविण्यात आले. तो वाटेतच मरण पावला. या घटनेवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली निकाल दिला की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवावा आणि पोलिसांचे सोपस्कार मागाहून करावेत. पुढे 1992 साली पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागला असता एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. 1996 साली न्यायालयाने त्याला 25,000 रुपये भरपाई देवविली आणि वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे ठरविले. बलात्कार व अॅसिड हल्ल्यातील पीडितांवर तर कोणत्याही रुग्णालयाने तात्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचविणाऱ्या वाटसरूवर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, अशी तरतूद 2019 साली मोटार वाहन कायद्यात आली. तरुणांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी, कारण पोलिसांच्या भीतीने आपण रस्त्यावरचा माणूस तसाच सोडून जातो.

आता मुख्य विषयाकडे वळू. सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालविलेल्या रुग्णालयांना सरकारकडून निरनिराळ्या सवलती मिळतात. कोणाला जमीन सवलतीने मिळते, कोणाला करात सूट, तर कोणाला वाढीव चटईक्षेत्र. त्या बदल्यात 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक नुसार त्यांच्यावर एक जबाबदारी येते. एकूण खाटांपैकी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवायच्या. म्हणजे 100 खाटांच्या रुग्णालयात 20 खाटा झाल्या. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, घेतलेल्या सवलतींची ती परतफेड आहे.

कायदा होता, पण तो पाळायचा कसा हे ठरलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने 17 ऑगस्ट 2006 रोजी एका जनहित याचिकेत सविस्तर योजना मंजूर केली आणि 1 सप्टेंबर 2006 पासून ती लागू झाली. या योजनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'निर्धन रुग्ण निधी'. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम रुग्णालयाने या वेगळ्या खात्यात जमा करावयाची. एखाद्याचे बिल 50,000 रुपये झाले की 1,000 रुपये निधीत गेलेच पाहिजेत. त्यामुळे "आमच्याकडे गरिबांसाठी पैसा नाही" असे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

निर्धन रुग्णाला सर्व उपचार पूर्ण मोफत आहेत. दुर्बल घटकातील रुग्णाकडून खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे घ्यावयाचे नाहीत. औषधे व इतर साहित्य रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावावयाचे आणि त्यातील किमान निम्मी रक्कम रुग्णाने भरावयाची. समजा, औषधांची खरेदी किंमत 8,000 रुपये झाली, तर रुग्णाच्या वाट्याला निदान 4,000 रुपये येतील. तातडीच्या रुग्णाला दाखल करताना अनामत रक्कम मागता येत नाही, हेही योजनेत स्पष्ट लिहिलेले आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत आली आहे. ती आता निर्धनांसाठी वर्षाला 1,80,000 रुपये व दुर्बल घटकांसाठी 3,60,000 रुपये आहे.

अडचण होते ती कागदांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते आणि रुग्ण खाटेवर असताना तहसील कचेरीत खेटे कोण घालणार? म्हणून दाखला घरात कोणी आजारी नसतानाच काढून ठेवावा. रुग्णालयात गेल्यावर बिलाच्या खिडकीपाशी वाद घालीत बसू नये, प्रथम समाजसेवकाला भेटावे. रुग्णाची आर्थिक स्थिती पडताळून पाहण्याचे काम त्याच्याकडे असते. "खाटा भरलेल्या आहेत" हे उत्तर नेहमीचे आहे, आणि कधी कधी ते खरेही असते. पण कोठे किती राखीव खाटा रिकाम्या आहेत याची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते. घरातील शिकलेल्या मुलाने ती पाहून घ्यावी.

जी रुग्णालये धर्मादाय नाहीत, त्यांनाही नियम आहेतच. महाराष्ट्रात 2021 साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद व सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे शेवटचे कलम ठाऊक नसल्यामुळे दुःखात बुडालेल्या घरांना कर्ज काढावे लागते, याइतकी शरमेची गोष्ट दुसरी नाही.

राखीव खाट नाकारली गेली तर नकार लेखी मागावा. तो बहुधा देत नाहीतच. अशा वेळी तारीख, वेळ व बोलणाऱ्याचा हुद्दा आपणच लिहून ठेवावा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात साधा मराठी अर्ज द्यावा. योजनेवर देखरेख करणारी समिती तेथेच असते. अर्जासोबत दाखल्याची व शिधापत्रिकेची झेरॉक्स जोडावी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून कार्यालयाचा शिक्का घेतल्याशिवाय तेथून उठू नये.