चरबी गप्प बसत नाही

सातारा असो की सांगली, यकृताचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या घरात दारूचा थेंब नाही, माणूसही सडपातळ. मग सोनोग्राफीत फॅटी लिव्हर कसं आलं?" या प्रश्नात कुतूहल असतं, तसं दुखावलेपणही असतं. रिपोर्ट आला की शेजारीपाजारी संशयानं बघतात ना!

या संशयाला नावानंही हातभार लावला. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी दारू न पिणाऱ्यांमधला हा यकृतदाह वर्णन केला आणि त्याला 'नॉन-अल्कोहोलिक' म्हटलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, आम्हाला अशी व्याख्या खटकते. बैल म्हणजे घोडा नसलेला प्राणी, असं म्हणून बैल कळत नाही. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी नाव बदलून हा विकार चयापचयाच्या बिघाडाशी जोडला. आता निदान कुठे बघायचं ते कळतं. बघायचं चरबीकडे.

चरबी म्हणजे नुसती साठवण, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन हे चरबीच्या पेशींनी रक्तात सोडलेलं संप्रेरक, म्हणजे हार्मोन. 'कोठार भरलंय, आता पुरे' हा त्याचा मेंदूला निरोप. दुसरं संप्रेरक ॲडिपोनेक्टिन. ते यकृताला सांगतं, चरबी जाळ आणि इन्सुलिनचं ऐक.

गंमत अशी की चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण ॲडिपोनेक्टिन घटतं. लेप्टिनची हाक सतत येत राहिली की मेंदू तिकडे लक्ष देईनासा होतो. आणि यकृताला सांभाळणारा आवाज नेमका तेव्हाच क्षीण होतो.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. गळीत हंगामात कारखान्याचं आवार भरलं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर रांगा लावतात. तसंच त्वचेखालची जागा अपुरी पडली की चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि शेवटी यकृतात उतरते. रुग्णांवरच्या एका अभ्यासात यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ६० टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून सुटून आलेली दिसली. उरलेल्यात मोठा वाटा यकृतानं स्वतः साखर-पिठापासून बनवलेल्या चरबीचा होता. थेट ताटातल्या तेलतुपाचा वाटा सगळ्यात लहान.

मग सडपातळ माणसाचं काय? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, पुण्याला जाऊ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा एकच बोलतो, आतली गोष्ट निराळी. दिसणं आणि असणं यांतला भेद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, इथे तो टक्क्यांत मांडलेला सापडतो.

याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही मोजली. त्यांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे स्नायू लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकलेली. म्हणजे कृश दिसणाऱ्या देहात चरबीचं प्रमाण जास्त, ही घडण जन्मापासूनची. म्हणून आजाऱ्याला 'तूच खाऊन ओढवून घेतलंस' म्हणणं अन्यायाचं आहे. आणि 'मी बारीक, मला काय होतंय' हा भ्रमही तितकाच धोक्याचा.

यात करण्यासारखं पुष्कळ आहे. वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप वापरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली असेल तर साखर, यकृत तपासून घ्या. वजन जास्त असेल तर त्यातलं ७ ते १० टक्के उतरलं तरी यकृताची सूज ओसरू शकते. सातारकरांनी अजिंक्यतारा चढावा, सांगलीकरांनी कृष्णाकाठी चालावं; स्नायू कमावणं बारीक माणसालाही लागू आहे. रिपोर्टवर 'ग्रेड वन' दिसलं की 'ते सगळ्यांनाच असतं' म्हणून कागद फडताळात टाकू नका. दुर्लक्ष झालं तर काहींचं यकृत चट्टे पडून कायमचं घट्ट होतं.

आणखी एक. पुण्याच्या त्याच अभ्यासात, गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं आकारानं मोठी आढळली. तेव्हा घरातली सून शेवटी, उरलंसुरलं जेवत असेल, तर आधी ते बदला. एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न विचारा.